सोपवून निघालेली

धाकटी म्हणजे माझी जाऊ. या परमुलखात तिला मीच आणली, त्यामुळे तिच्या बऱ्यावाईटाचा अर्धा वाटा माझ्याकडे येतो, मला तो नको असला तरी.

आमच्या इमारतीत मालकांच्या घरी राहून काम करणाऱ्या आम्ही सात जणी. एकमेकींना नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नाही. जिला जे सांभाळायला दिलंय, त्यावरून तिची ओळख. मी दुसऱ्या मजल्यावरची जुळ्यांवाली, तळमजल्याची ती कुत्रेवाली आणि पाचव्या मजल्यावरची माझी जाऊ म्हणजे आजोबावाली. कुत्रेवालीला या नावाचा भारी राग येतो, पण ते कुत्रे काही आम्ही पाळलेले नाहीत.

आमच्या कामाचा एक नियम आहे. तो कुणी लिहून दिलेला नाही आणि शिकवतही नाही, पण पहिल्या महिन्यात सगळ्यांना येतो. सांभाळायला दिलेलं माणूस दुसऱ्याच्या हाती सोपवल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. सोपवायचं म्हणजे नुसतं 'निघते हं' म्हणून चपला घालायच्या नाहीत. काय खाल्लं, किती खाल्लं, कुठलं औषध झालं, कुठलं राहिलं, डायपर कधी बदललं, हे सगळं सांगायचं आणि समोरच्याने 'हो, घेतलं' म्हणायचं. ते म्हणेपर्यंत माणूस तुमच्याच अंगावर.

धाकटीच्या मॅडमला हा नियम आमच्यापेक्षा चांगला कळला होता. धाकटीला रविवारी दुपारी चार तासांची सुट्टी होती. ती कागदावर. दोन वाजता सुट्टी सुरू व्हायची आणि मॅडम बाजारातून यायची साडेतीनला. "अगं, ट्रॅफिक!" म्हणायची. ती आल्याशिवाय धाकटी निघणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांत त्या बाईला एकदाही दाराला कडी लावावी लागली नाही. आजोबाच कडी होते.

आजोबा म्हणजे साहेबांचे वडील. डावं अंग लुळं, बोलणं जवळजवळ गेलेलं, पण डोळे जागे. धाकटी त्यांच्याच खोलीत घडीच्या खाटेवर झोपायची. त्यांना उठवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, पाणी घट्ट करून चमच्याने पाजणं, शिवाय घरातला स्वयंपाक, कपडे, फरशी. कामावर ठेवताना मॅडम म्हणाली होती, "फक्त बाबांचं बघायचं." ते 'फक्त' कुठे गेलं कोण जाणे. आणि एवढं करून वर, "तू तर आमच्या घरचीच!" हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरच्या माणसाचा पासपोर्ट कुणी कपाटात ठेवतं का?

हो, तिचा पासपोर्ट मॅडमकडे होता. पहिल्याच दिवशी घेतला, 'हरवायला नको' म्हणून. माझाही माझ्या मॅडमने घेतला होता, पण मी दुसऱ्या आठवड्यात भांडून परत आणला. मला भांडता येतं. धाकटीला येत नाही. तिच्या डोळ्यांत आधी पाणी येतं आणि मग शब्द येतच नाहीत.

गंमत अशी की त्या कपाटाची किल्ली धाकटीच्याच कमरेला असायची. इस्त्रीचे कपडे तीच लावायची ना. दागिन्यांच्या डब्याखाली आपला पासपोर्ट आहे, हे ती तीन वर्षं आठवड्यातून दोनदा बघत होती. मी शंभरदा म्हटलं, "उचल आणि चालू लाग." ती म्हणायची, "जाऊबाई, मागून घेतला तर तो माझा. गुपचूप घेतला तर मी चोर. उद्या डब्यातलं काही हरवलं तर कोणाचं नाव येईल?" खरं होतं ते.

मग कामाची जागा चालून आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र आहे. सकाळी आणून सोडायचं, संध्याकाळी घरी न्यायचं. तिथे आठ तासांचं काम, आठवड्याला एक अख्खी सुट्टी आणि मागच्या बाजूला दोघींबरोबर राहायची खोली. खोलीला आतून कडी. धाकटीने मला ते तीनदा सांगितलं, "आतून आहे गं कडी." तीन वर्षांत तिने अंघोळीचं दारसुद्धा लावून घेतलं नव्हतं. आजोबांनी हाक मारली तर ऐकू यायला हवं म्हणून.

तिने महिनाभर आधी मॅडमला सांगितलं. मॅडम हसली, म्हणाली, "बघू." पंधरा दिवसांनी परत सांगितलं. मॅडम रडली, "बाबांना असं टाकून जाशील?" शेवटी साहेबांसमोर ठरलं, महिना भरेल त्या रविवारी सकाळी नवी बाई येईल, पासपोर्ट मिळेल आणि धाकटी दुपारी निघेल. केंद्राच्या प्रमुख बाई कडक होत्या. त्यांनी बजावलं होतं, रविवारी पाचच्या आत पासपोर्ट घेऊन हजर व्हायचं. नाहीतर जागा दुसरीला, ती बाहेर उभीच आहे.

तो रविवार उजाडला आणि नवी बाई आली नाही.

नवं दिसलं ते मॅडम-साहेबांच्या अंगावरचे कपडे. साहेबांना बढती मिळाली होती, त्याचं जेवण क्लबच्या हॉलमध्ये, घरापासून चार रस्ते पलीकडे. माझी मालकमंडळीही आमंत्रित होती, जुळ्यांना घेऊन गेली, म्हणून मी मोकळी होते. मॅडम अकराला निघताना धाकटीला म्हणाली, "एक वाजेपर्यंत येतो. नवी बाई येताना घेऊनच येते. तू बॅग भरून ठेव." इतक्या गोड आवाजात म्हणाली की धाकटीने खरोखर बॅग भरून दारात ठेवली.

मी दीडला वर गेले तेव्हा ती बॅग दारातच होती आणि धाकटी फोन कानाला लावून उभी होती. मॅडमचा फोन बंद. साहेबांचा वाजत होता, पण उचलत नव्हते.

"येतील गं," ती म्हणाली.

"येत नाहीत ते," मी म्हटलं. "डोकं आहे का तुला? आज तुझे पाच वाजवायचे आहेत त्यांना. पाच वाजून गेले की ती जागा गेली, मग तू कुठे जाणार? बसशील इथेच, आणखी तीन वर्षं."

ती आजोबांच्या खोलीत गेली, त्यांचं तोंड पुसलं, उशी सरळ केली. मी तिच्या मागे मागे. माझ्या पायांना नुसती घाई झाली होती.

"पासपोर्ट घे आणि नीघ. मी बसते यांच्याजवळ."

"आणि तुझी जुळी आली की? तुझ्या मॅडमना काय सांगशील? तुलाही काढतील." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि पासपोर्ट कपाटात नाही."

"म्हणजे?"

"काल संध्याकाळी होता. आज सकाळी कपडे काढायला उघडलं तर डब्याखाली काही नाही. मॅडमने आज मोठी पर्स घेतली. कधी घेत नाहीत."

मी खुर्चीवर बसलेच. त्या बाईला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजोबा ऐकत होते. त्यांच्या सुनेबद्दल बोलत होते मी, पण खरं सांगते, मला काडीची लाज वाटली नाही. दोन वाजले. अडीच वाजले. धाकटीने आजोबांना भरवलं, औषध दिलं, डायपर बदललं. हात नेहमीसारखे चालत होते. मी घड्याळ बघत होते आणि मनात हिशेब करत होते, की केंद्रापर्यंत बसला पाऊण तास, म्हणजे सव्वाचारच्या आत निघायलाच हवं.

पावणेतीनला ती अचानक ताठ उभी राहिली.

"सोपवल्याशिवाय जायचं नाही ना?" ती म्हणाली. "मग त्यांनाच नेऊन देऊ."

"कोणाला?"

"आजोबांना. हॉलमध्ये."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. आजोबांना घराबाहेर पडून तीन वर्षं झाली होती. घरातले सगळ्यांना सांगायचे, ते उठू शकत नाहीत, कुणाला ओळखत नाहीत, भेटायला येऊ नका. पण धाकटीने दाराआडची घडीची चाकाची खुर्ची ओढली, फटाफट उघडली, ब्रेक लावला. त्यांना कुशीवर घेतलं, पाय खाली सोडले, कमरेला हात घातला आणि एका झोक्यात खुर्चीत बसवलं. मी बघतच राहिले. आजोबांनी स्वतःहून उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवला, सवयीने ठेवावा तसा.

"दीड वर्ष बसवतेय मी रोज दुपारी," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. मॅडमला सांगितलं तर म्हणाल्या, नसते उद्योग नकोत. मग घरी कुणी नसलं की मी मजल्यावरच्या वऱ्हांड्यात फिरवायचे."

म्हणजे ज्या माणसाच्या जोरावर मॅडमने धाकटीला जखडून ठेवलं होतं, तो माणूस दाराबाहेर जाऊ शकतो, हेच त्या बाईला माहीत नव्हतं. माहीत कुठून असणार? खोलीत यायची ती दारापर्यंत, नाकाला रुमाल लावून.

धाकटीने आजोबांना कोट घातला, केस विंचरले. मग त्यांच्यासमोर खाली बसली आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला तुमच्या मुलाकडे नेते. मला आज जायचंय. नेऊ का?" त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. हो म्हणून.

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. लिफ्ट लहान, खुर्चीची पायठेवणी काढली तेव्हा कुठे आत मावली. खाली फाटकावर वॉचमन. त्याने आधी बॅग पाहिली, मग आजोबांना पाहिलं आणि उठूनच उभा राहिला.

"कुठे चाललात यांना घेऊन? मॅडमना विचारलंत?"

"लावा फोन," मी म्हटलं.

त्याने लावला. बंद. परत लावला. बंद. त्याने अडवलं असतं तर आम्ही काय करणार होतो? उद्या पोलीस म्हणाले असते, म्हाताऱ्याला पळवून नेत होत्या, वर बॅगसुद्धा भरलेली होती. पण जो फोन आम्हाला अडवणार होता, तो मॅडमनेच बंद करून ठेवला होता. तेवढ्यात आजोबांनी उजवा हात उचलला आणि फाटकाकडे बोट केलं. तोंडातून घोगरा आवाज आला. शब्द नव्हता, पण हुकूम होता. वॉचमन त्यांचा जुना माणूस. त्याने फाटक उघडलं.

रस्त्यावर मी बॅग घेतली, धाकटीने खुर्ची. पदपथ जिथे तिथे उखडलेला, प्रत्येक वेळी खुर्ची उलटी फिरवून मागच्या चाकांवर उतरवायची. एका चौकात सिग्नल बदलला आणि आम्ही मधोमध. गाड्यांचे हॉर्न. मी किंचाळले, "धाकटे, चल ना!" ती म्हणाली, "धक्का बसेल त्यांना," आणि तिच्याच वेगाने गेली. घामाने तिची पाठ भिजली होती. आजोबा मात्र मान फिरवून फिरवून दुकानं बघत होते. मला एकाएकी रडू आलं, आणि राग आला तो वेगळाच. तीन वर्षं या माणसाला भिंत दाखवली यांनी.

हॉलमध्ये सगळे गोडाच्या ताटल्या घेऊन उभे होते. आम्ही दारातून आत गेलो आणि बोलणी एकेका घोळक्यातून बंद होत गेली. साहेब भिंतीशी कोणाशी हसत होते. त्यांनी वडिलांना पाहिलं आणि हातातला चमचा तसाच राहिला. एक टक्कल पडलेले गृहस्थ गर्दीतून पुढे आले, आजोबांचे जुने सहकारी. "अरे! तू? मला तर सांगितलं होतं की..." पुढचं ते गिळून गेले, कारण आजोबांनी त्यांचा हात धरला होता आणि हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, पण हसत होते.

मॅडम लगबगीने आली. चेहऱ्यावर हसू, आवाज दातांतून. "काय तमाशा लावलायस? घरी ने त्यांना."

मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार आणि सगळं संपणार. पाणी आलंच. पण या वेळी शब्दही आले.

"मॅडम, पावणेदोनला जेवण झालंय. पातळ भात, अर्धी वाटी. दोनला रक्तदाबाची गोळी दिली. सहाची राहिलीय, ती या पिशवीत आहे. डायपर अडीचला बदललं. पाणी घट्ट करूनच द्यायचं. भरवताना उजव्या बाजूने, डावीकडून त्यांना गिळता येत नाही." तिचा आवाज हॉलभर ऐकू जात होता. "घेतलं म्हणा. म्हणजे मी निघते. आणि माझा पासपोर्ट द्या."

"तो घरी आहे कपाटात. उद्या बघू."

"कपाटात नाही, मॅडम. तुम्ही सकाळी पर्समध्ये ठेवलात."

कुणीतरी खोकलं. माझी मॅडम जुळ्यांना धरून माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. टक्कलवाल्या गृहस्थांनी आजोबांचा हात न सोडता साहेबांकडे पाहिलं. साहेब लाल झाले होते, अगदी कानापर्यंत. ते बायकोला हळूच म्हणाले, "असेल तर देऊन टाक."

"पण मग बाबांचं..."

"दे म्हणतो ना."

पर्स उघडायला तिला फार वेळ लागला. पासपोर्ट धाकटीच्या हातात आला तेव्हा तिने तो उघडून फोटो पाहिला, आपलाच आहे ना म्हणून. पण तरी ती निघेना. उभीच. मी कुजबुजले, "अगं, चल! चार वाजले!"

"घेतलं म्हणाले नाहीत अजून," ती म्हणाली.

आणि मग साहेब स्वतः पुढे आले, खुर्चीची मूठ धरली. "घेतलं," म्हणाले. त्यांना बहुतेक कळलंही नसेल की काय घेतलं.

धाकटी वाकली. आजोबांनी तिचं मनगट धरलं होतं, कधी धरलं ते मला दिसलं नाही. त्यांच्या उजव्या हातात चांगली ताकद होती, तिनेच रोज चोळून ठेवलेली. ती म्हणाली, "आजोबा, जाते." आपल्यात 'येते' म्हणून निघतात. ती तसं म्हणाली नाही, खोटं बोलायचं नव्हतं तिला. मग तिने त्यांची बोटं एक एक करून सोडवली. ते बघवत नव्हतं. मी बॅग उचलून दाराकडे वळले.

बस लगेच मिळाली, बसायला जागाही मिळाली. मला हुश्श झालं, काहीतरी चेष्टा करावीशी वाटली. "बाकी काय गं, साहेबांचं तोंड! आता सहाची गोळी ते देणार, की त्यांना कुणी द्यायची?" ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्याच थांब्यावर फोन वाजला. मॅडमचा. आता बरा चालू झाला होता. धाकटीने उचलला. पलीकडचं मलाही ऐकू येत होतं, मॅडम खरंच रडत होती. बाबा काही खात नाहीत, तोंड मिटून बसलेत, हात झटकतात, तू एवढ्यापुरती परत ये, गाडी पाठवते, उद्या नक्की जा.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. तिची नजर ओळखली मी. ती उठणार होती. मी तिचा हात धरला, जोरात, नखं लागली असतील.

"उजव्या बाजूने भरवा, मॅडम," ती फोनमध्ये म्हणाली. "चमचा अर्धाच भरा. आणि त्यांच्याशी बोलत बोलत भरवा." फोन ठेवला आणि मला म्हणाली, "धरून ठेव गं मला."

फोन पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. बसमधली माणसं आमच्याकडे वळून बघू लागली. तिने तो बंद केला नाही आणि उचललाही नाही, मांडीवर ठेवून वाजू दिला. तो वाजायचा तेवढा वेळ तिचे डोळे मिटलेले. मी तिचं मनगट सोडलं नाही. तिथे आधीच लाल वळ होते, आजोबांच्या बोटांचे, त्यांच्यावर माझे.

पाचला सात मिनिटं असताना आम्ही केंद्राच्या दारात पोचलो. प्रमुख बाईंनी घड्याळ पाहिलं, पासपोर्ट पाहिला, तो लगेच धाकटीच्या हाती परत दिला आणि खोलीची किल्ली त्याच्यावर ठेवली. "उद्या सातला," एवढंच म्हणाल्या. बस्स, झालं. तीन वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते एवढ्यात झालं.

मला परत जायचं होतं, माझी मॅडम काय बोलेल ती चिंता होतीच. धाकटी मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिने माझा हात धरला.

मग म्हणाली, "जेवले असतील ना गं?"

"जेवले असतील," मी म्हटलं. मला काय माहीत. पण मी तिच्याकडे सरळ बघून म्हटलं, आणि ती आत गेली.